पंचेचाळिशीनंतरची सनद

नाशिक जिल्ह्यातल्या सटाण्यात न्यायाची गोष्ट निघाली की ती आरम नदीच्या काठावर जाते. तिथं यशवंतराव महाराजांचं, म्हणजे देवमामलेदारांचं मंदिर आहे. १८७०-७१च्या दुष्काळात मामलेदार यशवंतराव भोसेकरांनी सरकारी खजिना उपाशी माणसांसाठी उघडला, ही आठवण सटाण्याच्या बागलाण तालुक्यानं दीडशे वर्षं जपली आहे. मामलेदार हा महसूल गोळा करणारा अधिकारी. पण बांधावरच्या वाटेचा आणि पाटाच्या पाण्याचा तंटाही त्याच्याच पुढ्यात यायचा. आजही येतो. १९०६चा मामलेदार न्यायालय कायदा अजून लागू आहे आणि शेतरस्ता अडवला गेलेला शेतकरी आजही त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाखाली तहसीलदारांकडे दावा लावतो.

शेती, महसूल आणि कायदा जिथं इतके एकमेकांत गुंतलेले आहेत, तिथं पंचेचाळीस-पन्नाशीच्या माणसाला वकिलीची ओढ वाटली तर त्यात नवल नाही. निम्मं आयुष्य सातबारा, फेरफार आणि पंचनामे लिहिण्यात गेलेलं असतं. कुणी शाळेत शिकवलेलं असतं, कुणी सोसायटीचा सचिव म्हणून पीककर्जाच्या वह्या सांभाळलेल्या असतात. असा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो वयाचा.

या प्रश्नाचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी १९९५मध्येच देऊन ठेवलं आहे. त्याआधी बार कौन्सिल ऑफ इंडियानं नियम केला होता की, ज्यानं वयाची ४५ वर्षं पूर्ण केली आहेत त्याची वकील म्हणून नोंदणी होणार नाही. निवृत्त लोक जुन्या ओळखीपाळखी घेऊन न्यायालयात येतात आणि तिथलं वातावरण बिघडवतात, असं कौन्सिलचं म्हणणं होतं. ‘इंडियन कौन्सिल ऑफ लीगल एड अँड अ‍ॅडव्हाइस’च्या याचिकेवर न्यायालयानं हा नियम रद्द केला. तारुण्यात सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेऊन पुढं नोकरीत गेलेला माणूस साठाव्या वर्षीही परत येऊन वकिली करू शकत होता. अडवला जात होता तो फक्त पहिल्यांदाच येणारा. हा भेदभाव समानतेच्या कसोटीला उतरत नव्हता. शिवाय ओळखींच्या गैरवापराचा आरोप सिद्ध करणारी भरवशाची आकडेवारीही कौन्सिलकडे नव्हती. आज आयुष्याच्या उत्तरार्धात काळा कोट चढवणारा प्रत्येक जण या निकालाचा ऋणी आहे.

उशिरा मिळालेल्या सनदेचं सर्वांत मोठं उदाहरण नाशिकचंच आहे. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६चा, नाशिकचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिकल्या, अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात त्यांनी शिकवलं आणि मग ऑक्सफर्ड गाठून १८९२मध्ये कायद्याची बीसीएल परीक्षा दिली. अशी परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. सनद मात्र मिळेना, कारण स्त्रीला वकील होण्याची मुभाच नव्हती. १९०४पासून त्यांनी बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या सल्लागार म्हणून पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तांचं काम केलं. ज्या घरात परपुरुषाला पाऊल टाकता येत नव्हतं, तिथं जाऊन त्या विधवांचे हक्क समजून घेत आणि कागदावर आणत. १९२३च्या कायद्यानं भारतात स्त्रियांना वकिलीची वाट मोकळी झाली आणि १९२४मध्ये त्यांनी कलकत्त्यात वकिली सुरू केली. तेव्हा त्यांनी सत्तावन्न वर्षं पूर्ण केली होती.

महाराष्ट्रात दुसऱ्या धंद्यातून वकिलीत आलेल्यांची रांग बरीच लांब आहे. कोल्हारचे गोविंद पानसरे कोल्हापुरात नगरपालिकेत शिपाई होते, मग शाळेत शिक्षक झाले आणि १९६४पासून कामगारांचे वकील. भारतीय पोलीस सेवेतले वाय. पी. सिंग नोकरी सोडून मुंबईत वकील झाले. त्यांच्या पत्नी आभा सिंग यांनीही टपाल सेवेतलं अधिकारपद सोडून तीच वाट धरली. पण या रांगेत थोडं जास्त थांबावं ते फ्लेविया अ‍ॅग्नेस यांच्यापाशी. लग्नात वर्षानुवर्षं मार खाल्लेली ही बाई स्त्री-चळवळीत आली, स्वतःची कहाणी तिनं पुस्तकातून उघडपणे मांडली आणि चाळिशीच्या आसपास, १९८८मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. पुढं ‘मजलिस’ या संस्थेतून त्यांनी हजारो स्त्रियांसाठी कायद्याची मदत उभी केली. कोर्टाच्या पायऱ्या चढताना अशिलाच्या पोटात कसा गोळा येतो, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. उशिरा आलेल्या वकिलाची खरी कमाई ही असते.

वयाचं दार उघडं असलं तरी दुसरी एक अट कडक आहे, आणि ती ठरली मुंबईच्याच एका खटल्यात. डॉ. हनिराज चुलानी हे मुंबईत प्रॅक्टिस करणारे शल्यचिकित्सक. १९९१मध्ये ते एलएल.बी. झाले आणि त्यांनी महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे सनदेसाठी अर्ज केला. दवाखाना बंद करायची त्यांची तयारी नव्हती. न्यायालयाच्या वेळेबाहेर रुग्ण पाहीन, असं त्यांचं म्हणणं होतं. कौन्सिलनं नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल १९९६मध्ये तिथंही नकारच मिळाला. सुनावणी चालू असताना तातडीच्या शस्त्रक्रियेचं बोलावणं आलं तर डॉक्टर कुणाला सोडणार, अशिलाला की रुग्णाला? वकिली हा पूर्णवेळ लक्ष मागणारा पेशा आहे, तेव्हा दुसरा व्यवसाय चालू ठेवून नोंदणी मिळणार नाही, असं न्यायालयानं स्पष्ट केलं.

डॉक्टरांच्या हौसेविषयी सहानुभूती वाटली तरी हा निकाल योग्यच म्हणावा लागेल. ज्याची जमीन अडकली आहे, त्याला वकिलाचं उरलेलं अर्धं लक्ष पुरत नाही.

म्हणजे नोकरी करता करता पदवी घेता येते, पण सनद घ्यायची तर राजीनामा किंवा निवृत्ती आधी. पदवीचाही रस्ता सोपा नाही. कोणत्याही शाखेचा पदवीधर राज्याची सीईटी देऊन तीन वर्षांच्या एलएल.बी.ला जाऊ शकतो. खुल्या वर्गाला पदवीला ४५ टक्के लागतात. पण वर्गात ७० टक्के हजेरी हवी आणि कायद्याची पदवी पत्रद्वारा मिळत नाही. सटाण्याहून नाशिक नव्वदेक किलोमीटर. पहाटेची एसटी धरून व्याख्यानाला जायचं आणि परत येऊन रात्री करार कायदा वाचायचा, तर घरच्यांचीही साथ लागते. पदवीनंतर नोंदणी. तिचा खर्च मात्र आता आवाक्यात आला आहे. बार कौन्सिलं वेगवेगळ्या नावांखाली हजारो रुपये घेत असत; कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा, म्हणजे खुल्या वर्गासाठी एकूण ७५० रुपयांपेक्षा, जास्त घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ३० जुलै २०२४ रोजी बजावलं. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा.

१ जुलै २०२४ला आणखी एक गोष्ट घडली, जी उशिरा येणाऱ्यांच्या पथ्यावर पडली. १८६०चं दंडविधान, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२चा पुरावा कायदा जाऊन तीन नवे कायदे आले. तीस वर्षं ४२० म्हणत आलेल्या वकिलाला आता ३१८ म्हणावं लागतं आणि ३०२ची जागा १०३नं घेतली. तत्त्वं बरीचशी तीच, पण कलमांचे आकडे अनुभवी सीनियरलाही नव्यानं पाठ करावे लागले. नवखा माणूस निदान तेवढ्यापुरता त्याच्या बरोबरीनं उभा राहिला.

पण कामाची घडी बसायला वेळ लागतोच. पन्नाशीचा माणूस पंचविशीतल्या मुलांबरोबर ज्युनियर म्हणून बसतो. पुकारा झाला की उठायचं, तारीख टिपायची, पुरसिस लिहून द्यायची, नक्कल अर्जाच्या मागं फिरायचं. कालपर्यंत ज्याला ‘रावसाहेब’ म्हणत, त्याला शिरस्तेदाराच्या टेबलापाशी ताटकळत उभं राहावं लागतं. पहिल्या काही वर्षांत हातात फारसं पडत नाही. ग्रामीण भागातल्या ज्युनियरला महिना किमान १५ हजार रुपये द्यावेत, असं बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४मध्ये सुचवलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. पेन्शन असलेला माणूस हा काळ सोसू शकतो. मुलीचं लग्न आणि घराचे हप्ते डोक्यावर असलेल्यानं मात्र आधी नीट हिशेब मांडावा. न्यायाधीश होण्याचं स्वप्नही बहुधा बाजूलाच ठेवावं लागतं, कारण त्या परीक्षांना वयोमर्यादा आहे. आणि अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्यांसाठी आणखी एक अट: शेवटची तीन वर्षं ज्या भागात अधिकार चालवला, तिथं दोन वर्षं वकिली करायची नाही. सटाण्यात निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यानं सुरुवात मालेगावला किंवा नाशिकला करणं बरं.

एवढं सगळं सोसून बागलाणसारख्या तालुक्यात काम काय मिळतं? डाळिंब, द्राक्ष आणि कांद्याचा हा मुलूख. व्यापारी माल उचलतो, चेक देतो आणि चेक परत येतो. २०२०मध्ये तत्कालीन विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी नाशिक परिक्षेत्रात अशा व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा शेतकऱ्यांचे किती पैसे अडकलेले असतात हे राज्यासमोर आलं. चेक न वटल्याच्या १३८ कलमात सगळा खेळ मुदतीचा. चेक परत आल्याचं बँकेनं कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला १५ दिवस, ते सरले की महिन्याभरात फिर्याद. ज्यानं बाजार समितीत किंवा बँकेत उमेदवारी केली आहे, त्याला ती हिशेबपट्टी आणि तो चेक यांचा मेळ घालायला वेळ लागत नाही. शिक्षकाला निराळाच फायदा होतो. जुलै १९९८पासून महाराष्ट्रातल्या खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे. सुबोध, नेमकी कैफियत लिहिणारा माणूस तिथं उठून दिसतो.

आणि शेतरस्ता. मामलेदार न्यायालय कायद्यात अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दावा लावावा लागतो. त्यानंतर स्थळपाहणीचा दिवस ठरतो. तहसीलदार, मंडळ अधिकारी, दोन्ही पक्ष आणि त्यांचे वकील बांधावर जमतात. बैलगाडीच्या चाकोऱ्या कुठवर दिसतात, बांधावरची बाभूळ किती जुनी, नांगरट परवाची की गेल्या हंगामाची, हे पाहिलं जातं. आयुष्यभर गटाचे नकाशे हाताळलेला, नव्यानं वकील झालेला माणूस अशा वेळी बॅगेतून गाव नकाशा काढतो, पँट वर खोचतो आणि तुटलेल्या वाटेचं टोक दाखवायला सर्वांच्या आधी चिखलात उतरतो.