पापुद्रे सुटतात, सुटे राहत नाहीत

कुडाळ तालुक्यातलं कडावल अभ्रकासाठी ओळखलं जातं. अभ्रकाच्या कडेत नख घातलं की चकचकीत पापुद्रा सुटतो, त्यातून आणखी पातळ, मग त्याहूनही पातळ. नख थकतं, पापुद्रे संपत नाहीत. शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइटही असंच थरांचं. मिलिमीटरभर जाडीत जवळजवळ 30 लाख थर. मँचेस्टरच्या आंद्रे गाइम आणि कॉन्स्टन्टिन नोवोसेलॉव्ह यांनी 2004 मध्ये साध्या चिकटपट्टीने त्यातला एकच थर वेगळा काढला. हेच ग्राफीन, 2010 चं नोबेल त्यावरच्या कामाला मिळालं.

चिकटपट्टीने किलोभर माल मात्र निघत नाही. 2014 मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जोनाथन कोलमन यांच्या गटाने ग्रॅफाइटची पूड, पाणी आणि भांडी घासायचा द्रव साबण चक्क स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये फिरवला. थर पात्याने कापले जात नाहीत. वेगाने घुसळलेलं पाणीच त्यांना एकमेकांवरून सरकवतं.

खरी कामगिरी साबणाची. सुटलेले पापुद्रे जवळ आले की पुन्हा एकमेकांना चिकटतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. साबणाचे रेणू पापुद्र्यांवर बसून त्यांना एकाच जातीचा विद्युतभार देतात, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. या बंदोबस्ताचा शत्रू मीठ. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे निसर्गात हेच घडतं: चिकणमातीचे चपटे, भारित कण खाऱ्या पाण्यात गेले की भार झाकला जातो, कण गोळा होऊन तळाशी बसतात. किनाऱ्यावर कुणी हा उद्योग मांडलाच, तर मचूळ विहिरीचं पाणी चालणार नाही. खाऱ्यातही टिकायला हवं असेल तर भारावर विसंबून न राहता पापुद्र्यांभोवती लांब साखळ्यांच्या बहुवारिकाचं आवरण चढवतात.

मॅक्सीनचं दुखणं निराळं. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात 2011 मध्ये जन्मलेले हे टायटॅनियम कार्बाइडचे पापुद्रे. मूळ पदार्थातला ॲल्युमिनियमचा थर हायड्रोफ्लुओरिक आम्लाने काढून मिळवलेले. वीज छान वाहतात, पाण्यात सहज पसरतात, आणि त्याच पाण्यात हळूहळू टायटॅनियम डायऑक्साइड होऊन बसतात. काळं द्रावण पांढुरकं पडलं की माल गेला. म्हणून ऑक्सिजन काढून, बाटलीत आरगॉन भरून ते थंडीत ठेवतात. क जीवनसत्त्वाच्या सोडियम क्षारानेही आयुष्य वाढतं.

बाजारात मात्र डब्यावरचं नावच पुरतं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 60 कंपन्यांचं ‘ग्राफीन’ तपासलं, तेव्हा बहुतेकांत अस्सल माल 10 टक्क्यांहूनही कमी निघाला. उरलेली होती ग्रॅफाइटची बारीक पूड.