ऑनलाइन खरेदी, खरा अभिप्राय आणि विक्रेत्याचा दबाव

कर्जत व खालापूर तालुक्यांतील शेतकरी आपल्या गरजेचा माल पिढ्यान्‌पिढ्या कर्जत, नेरळ, खोपोली, चौक येथील दुकानांतून घेत आला आहे. अलीकडे मात्र बॅटरीवर चालणारा फवारणी पंप, भाजीपाल्याचे बियाणे, मल्चिंग पेपर, शेडनेट, ठिबकाचे सुटे भाग अशा कितीतरी वस्तू मोबाइलवरून मागविल्या जातात. घरपोच माल, विस्तृत निवड आणि प्रसंगी कमी दर हे या व्यवहाराचे लाभ होत. परंतु यातून एक नवी अडचणही उद्भवली आहे. माल वाईट निघाला व ग्राहकाने तसा अभिप्राय नोंदविला, की तो काढून टाकण्यासाठी काही विक्रेते त्याच्यामागे तगादा लावतात. असा प्रसंग आल्यास शेतकऱ्याने काय करावे आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने त्यास कोणते साहाय्य द्यावे, याचा विचार या लेखात केला आहे.

अभिप्रायाचे महत्त्व

बाजारपेठेतील दुकानदार आपल्या ओळखीचा असतो. त्याच्याकडील बियाणे उगवले नाही, तर ती वार्ता चार दिवसांत पंचक्रोशीत पसरते आणि दुकानदारास पुढच्या हंगामाची चिंता पडते. ऑनलाइन विक्रेता दूरच्या शहरी असतो. त्याचे दुकान आपण पाहिलेले नसते व मालही हाताळून घेता येत नाही. अशा वेळी आधीच्या ग्राहकांनी लिहिलेले अभिप्राय आणि दिलेले तारे, एवढाच आधार उरतो. पारावर होणारी मालाची चर्चा आता अभिप्रायाच्या रूपाने होते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

यास्तव खरा अभिप्राय मागे घेतल्याने होणारी हानी एकट्या ग्राहकापुरती राहत नाही. समजा, जूनच्या आरंभी एका शेतकऱ्याने निकृष्ट बियाण्याविषयी लिहिलेला मजकूर विक्रेत्याच्या आग्रहाने काढून टाकला. आठ दिवसांनी तेच बियाणे दुसरा शेतकरी निश्चिंतपणे मागवील. रोपवाटिका फसली आणि पाऊस पुढे सरकला, तर त्याचा हंगाम हातचा जाईल. पैसे कदाचित परत मिळतील, पण गेलेली वेळ परत मिळत नाही.

दबावाचे प्रकार

दबाव नेहमी धमकीच्याच रूपाने येतो असे नाही. त्याचे पुढील प्रकार ओळखून ठेवावेत.

1. अट घालणे. ‘आधी अभिप्राय काढा, मग पैसे परत करतो’, असे सांगण्यात येते. अभिप्राय काढल्यावर विक्रेता फोन घेईनासा होतो, असेही घडू शकते.

2. आमिष दाखविणे. पाच तारे दिल्यास भेटवस्तू किंवा रोख रक्कम देऊ, अशी चिठ्ठी मालाच्या खोक्यात ठेवलेली असते.

3. गळ घालणे. ‘तुमच्या एका अभिप्रायामुळे माझी नोकरी जाईल’, असे म्हणून दिवसातून अनेक वेळा फोन करण्यात येतात.

4. भीती घालणे. अब्रुनुकसानीचा दावा, वकिलाची नोटीस किंवा पोलीस यांचे नाव घेण्यात येते.

या सर्वांवर एकच सूत्र लागू पडते. सदोष मालाचे पैसे परत मिळणे हा एक हक्क आहे आणि खरा अनुभव सांगणे ही स्वतंत्र गोष्ट आहे. एकीचा सौदा दुसरीशी करू नये.

कायद्याचा आधार

ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 हा 20 जुलै 2020 पासून अंमलात आला. त्याखालील ई-वाणिज्य नियम त्याच महिन्यात प्रसिद्ध झाले. माल सदोष वा बनावट असेल, अथवा जाहिरातीत वर्णिल्याप्रमाणे नसेल, तर तो परत घेण्यास व पैसे परत देण्यास विक्रेत्याने नकार देऊ नये, असे या नियमांत सांगितले आहे. त्यात अभिप्रायाविषयीची कोणतीही अट नाही. विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिणे यासही मनाई आहे.

ज्या कंपनीच्या ॲपवरून खरेदी केली, तिने तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असला पाहिजे. त्याने तक्रारीची पोच 48 तासांत द्यावी व तक्रारीचे निवारण एक महिन्याच्या आत करावे, असा नियम आहे. खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागणी केल्यास विक्रेत्याचा पत्ता व संपर्काचा तपशील त्यास पुरविणे कंपनीवर बंधनकारक आहे.

भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस 19000:2022’ हे मानक जाहीर केले. अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत व प्रसिद्ध करावेत यांची तत्त्वे त्यात दिली आहेत. हे मानक ऐच्छिक स्वरूपाचे आहे. तथापि, विक्रेत्याने अभिप्राय बदलण्याची मागणी करू नये, असा काही मोठ्या कंपन्यांचा स्वतःचाही नियम असतो. ॲमेझॉनवर तो आहे. म्हणून दबावाची तक्रार प्रथम ॲपवरच करणे उपयुक्त ठरते.

शेतीसाठी केलेली खरेदी ही व्यापारी खरेदी असल्याने ग्राहक कायदा तीस लागू नाही, असे काही विक्रेते सांगतात. स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी वस्तू विकत घेऊन स्वतः वापरणारा मनुष्य कायद्यानुसार ग्राहकच ठरतो. बियाणे विकत घेणारा शेतकरी ग्राहक आहे आणि बियाणे कायदा असला तरी त्यास ग्राहक न्यायालयात दाद मागता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात 2012 साली दिला आहे.

परदेशांतील अनुभव

हा प्रश्न आपल्याच देशापुरता नाही. अमेरिकेतील यूटा राज्यात एका दांपत्याने 2008 साली क्लिअरगिअर या ऑनलाइन दुकानातून मागविलेल्या किरकोळ भेटवस्तू आल्याच नाहीत. पत्नीने तसा अभिप्राय लिहिला. पुढे 2012 साली दुकानाने अभिप्राय न काढल्याबद्दल 3,500 डॉलर मागितले आणि ती रक्कम पतीच्या नावे थकबाकी म्हणून नोंदविली. त्यामुळे त्यांना कर्ज मिळणे कठीण झाले. दांपत्याने न्यायालयात धाव घेतली. दुकानाकडून कोणी हजर झाले नाही आणि 2014 साली न्यायालयाने दांपत्यास तीन लाख डॉलरांहून अधिक भरपाई मंजूर केली. ग्राहकास प्रामाणिक अभिप्राय देण्यापासून रोखणाऱ्या करारातील अटी रद्दबातल ठरविणारा कायदा त्या देशात 2016 साली झाला. खोटे अभिप्राय, तसेच धाक दाखवून वाईट अभिप्राय दडपणे, यांना मनाई करणारा नियमही तेथे ऑक्टोबर 2024 पासून लागू झाला आहे.

अभिप्राय कसा लिहावा

अभिप्रायाचे बळ त्यातील तपशिलात असते. ‘कंपनी चोर आहे, कोणी घेऊ नका’, असे लिहिल्याने वाचणाऱ्यास काही बोध होत नाही आणि लिहिणारा मात्र अडचणीत येऊ शकतो. त्याऐवजी, ‘पाकिटावर दिलेल्या तारखेच्या आत 100 बिया ओल्या गोणपाटात ठेवल्या, त्यांपैकी 52 उगवल्या’, असे लिहावे. प्रमाणित भात बियाण्याची उगवण किमान 80 टक्के असावी लागते, हे ठाऊक असणाऱ्यास या एका वाक्यात सर्व काही कळते. पंपाविषयी लिहिताना ‘बॅटरी पूर्ण भारित केल्यावर किती पंप फवारणी झाली’, हे लिहावे. जे स्वतः पाहिले तेच लिहावे. ऐकीव गोष्ट, शिवी अथवा जातिधर्माचा उल्लेख करू नये. पाकिटावरील लॉट क्रमांक अवश्य द्यावा. स्वतःचा फोन क्रमांक मात्र देऊ नये.

अब्रुनुकसानीच्या भीतीविषयीही येथेच सांगणे इष्ट होईल. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये अब्रुनुकसानीची व्याख्या आहे. लोकहितासाठी केलेले सत्य कथन, तसेच स्वतःच्या वा इतरांच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेले कथन, हे त्याचे अपवाद आहेत. वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे. ती आल्यास घाबरून जाऊ नये, पण दुर्लक्षही करू नये. तालुका विधी सेवा समितीकडे जावे किंवा 15100 या क्रमांकावर विचारावे. स्त्रिया, तसेच अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळू शकते. आपल्या तालुक्यांतील ठाकूर व कातकरी बांधवांना ही गोष्ट आवर्जून सांगावी.

तक्रारीचा क्रम

1. पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रीकरण करावे. बिल, खोके, पाकीट व त्यावरील खूणचिठ्ठी जपून ठेवावी. थोडे बियाणे मूळ पाकिटात शिल्लक ठेवावे. कायद्याने ते सक्तीचे नाही, परंतु पुराव्यास उपयोगी पडते.

2. माल परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी ॲपवरच तक्रार नोंदवावी व तिचा क्रमांक लिहून ठेवावा.

3. बियाणे उगवले नसल्यास तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ताबडतोब लेखी तक्रार देऊन क्षेत्राची पाहणी करून घ्यावी. शेत नांगरून टाकल्यावर पाहणीस अर्थ उरत नाही.

4. विक्रेत्याचा फोन आल्यास वाद घालू नये. ‘जे सांगावयाचे ते ॲपवर लिहून कळवा’, एवढेच शांतपणे सांगावे. आलेल्या संदेशांची छायाचित्रे ठेवावीत आणि दबावाची स्वतंत्र तक्रार कंपनीकडे करावी.

5. पैसे परत देण्याच्या निमित्ताने कोणी ओटीपी वा यूपीआयचा पिन मागितला, अथवा क्यूआर कोड टिपण्यास सांगितले, तर ती फसवणूक समजावी. पैसे मिळण्यासाठी पिन लागत नाही. रक्कम गेल्यास विलंब न लावता 1930 या क्रमांकावर कळवावे. इजा करण्याची धमकी दिल्यास पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी.

6. कंपनीने दाद न दिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेथे मराठीतही बोलता येते.

7. त्यानेही काम न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणून विक्रेता दिल्लीचा असला, तरी आपले प्रकरण रायगड जिल्ह्याच्या आयोगापुढे, अलिबाग येथे, चालू शकते. दिलेली किंमत 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. ‘ई-जागृती’ या सरकारी संकेतस्थळावरून ती घरबसल्याही दाखल करता येते.

विक्रेत्याने चूक सुधारली तर

विक्रेत्याने माल बदलून दिला किंवा पैसे परत केले, तर तेही सांगणे न्यायाचे होय. तथापि, आधीचा मजकूर पुसून टाकण्याची आवश्यकता नाही. त्याखाली ‘तक्रारीनंतर अमुक दिवसांनी पैसे परत मिळाले’, अशी भर घालावी. त्यामुळे माल कसा होता व विक्रेता कसा वागला, या दोन्ही गोष्टी पुढील ग्राहकास कळतात. याच न्यायाने, वाईट अभिप्रायाची धमकी देऊन विक्रेत्याकडून काही जास्त उकळणे हेही अयोग्य आहे.

आपणही विक्रेते आहोत

कर्जत व खालापूर परिसरात कृषिपर्यटन केंद्रे चालविणारे शेतकरी आहेत. वाल, तांदूळ, पापड, लोणची यांची ऑनलाइन विक्री महिला बचत गटांनाही करता येते. त्यांच्या वाट्यालाही कधी वाईट अभिप्राय येईल. पाहुण्याने ‘जेवण थंड होते’, असे लिहिल्यास त्यास फोन करून रागावू नये आणि तारे वाढविण्यासाठी सवलतही देऊ नये. त्याच ठिकाणी विनयाने उत्तर द्यावे, चूक असल्यास मान्य करावी व काय सुधारणा केली ते लिहावे. अभिप्राय खोटा असल्यास पुराव्यासह कंपनीस कळवावे. दोष मान्य करून तो दूर करणाऱ्या विक्रेत्यावर ग्राहकाचा विश्वास बसतो.

कार्यकर्त्यांचे काम

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी खरीप व रब्बी हंगामांच्या आरंभी होणाऱ्या बैठकांत हा विषय अवश्य घ्यावा. 1915, 1930 व 15100 हे तीन क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची तक्रार त्यांच्याच शब्दांत लिहून द्यावी. बियाणे विकण्यास परवाना लागतो. कीटकनाशकांची ऑनलाइन विक्री करण्याची मुभाही 2022 साली परवानाधारकांनाच देण्यात आली. तेव्हा असा माल मागविण्यापूर्वी विक्रेत्याचा परवाना तपासण्याची सवय लावावी. एका शेतकऱ्याने धीराने राखलेला खरा अभिप्राय दुसऱ्या कोणाचा हंगाम वाचवू शकतो, हे प्रत्येक बैठकीत समजावून सांगावे.