संगणकापुढील बैठक

"ताठ बस!" ही आज्ञा घरीं कधींच ऐकली नाहीं, असा विद्यार्थी आमच्या वाचकांत क्वचितच सांपडेल. आज्ञा योग्य असते. परंतु ती पाळणें पुष्कळदां मुलाच्या हातीं नसतें. मेज उंच, खुर्ची ठेंगणी आणि पडदा मांडीवर, अशी मांडणी असल्यावर पाठीनें ताठ रहावें तरी कसें? २०२० सालीं शाळा बंद होऊन वर्ग घरांत आले, तेव्हां हा प्रश्न घरोघर उभा राहिला. पुढें शाळा उघडल्या. पडद्यावरील अभ्यास मात्र घरांत राहिला तो राहिलाच.

माणसास कामाशीं जुळविण्याऐवजीं काम माणसाशीं जुळवावें, असें सांगणारें एक शास्त्र आहे. त्यास 'अर्गोनॉमिक्स' म्हणतात. वोइचेख यास्त्शेंबोव्स्की ह्या पोलिश विद्वानानें १८५७ सालीं, 'कार्य' व 'नियम' ह्या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून, हें नांव घडविलें.

आरंभ खुर्चीपासून करावा. जेवणाचें मेज साधारणतः ७५ सेंटिमीटर उंच, म्हणजे प्रौढांच्या मापाचें असतें. लहान मूल त्यापुढें बसलें म्हणजे त्याचे खांदे कानांकडे चढतात. म्हणून घडी घातलेली सतरंजी खुर्चीवर ठेवून बैठक इतकी उंच करावी कीं, कोपर काटकोनांत राहून कळफलकाच्या पातळीस येईल व मनगट मुडपणार नाहीं. पण मग पाय लोंबूं लागतात, आणि इकडे बहुधा कोणाचेंच लक्ष जात नाहीं. खुर्चीची कड मांडीखालीं रुतते, मूल पुढें सरकतें, पाठीचा टेका सुटतो. ह्यास्तव पायांखालीं पाट द्यावा. (जेवणाचा पाट आजीबाईंस रुचणार नाहीं, जुनी लांकडी पेटीही चालेल.) कंबरेमागें पंचाची गुंडाळी ठेवली कीं झालें. महाग खुर्चीवांचून अडतें, असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं.

लॅपटॉपची अडचण निराळी. त्याचा पडदा व कळफलक एकत्र जोडलेले. हात सुखांत ठेवावे तर मान वांकते, मान सरळ ठेवावी तर हात उचलावे लागतात. जाडजूड पुस्तकांच्या थप्पीवर लॅपटॉप ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस आणावी व कळफलक वेगळा जोडावा, हाच ह्यावर खरा उपाय. ज्या घरीं मेज नाहीं तेथें भिंतीशीं पाठ टेकून पुढें चौरंग घ्यावा. यंत्र मांडीवर किंवा गादीवर कदापि घेऊं नये. दुहेरी भिंगांचा चष्मा वापरणाऱ्या वडील मंडळींनीं पडदा थोडा खालींच ठेवावा, नाहीं तर खालच्या भिंगांतून वाचण्यासाठीं त्यांस हनुवटी सारखी वर करावी लागते.

पडदा एक हात अंतरावर असावा व खिडकी बाजूस असावी, समोर किंवा पाठीमागें नसावी. यंत्र बंद करून काळ्या पडद्याकडे पहावें. दिवा त्यांत दिसला तर जागा बदलावी. पडद्याकडे पाहतांना पापण्या कमी लवतात, म्हणून डोळे कोरडे पडतात. दर २० मिनिटांनीं सुमारें २० फूट दूरच्या वस्तूकडे २० सेकंद पहावें, आणि अधूनमधून उठून पाणी पिऊन यावें. उत्तम बैठकही तासभर न हालतां धरली तर अंग आंबतेंच.

मूल वाढतें तशी ही मापें चुकत जातात. दर सहामाहीस कोपराची पातळी पुन्हां पहावी आणि सतरंजीची एक घडी कमी करावी.