अगाध समुद्राच्या चिखलांतील सूक्ष्म प्रजा

समुद्राचें नांव काढतांच आपल्या डोळ्यांपुढें लाटा, गलबतें, मासे आणि फार झालें तर देवमासा हीं उभीं राहतात. परंतु खोल समुद्राचा तळ बहुतेक ठिकाणीं मऊ चिखलाचा आहे, आणि त्या चिखलांत जी प्रजा नांदते ती डोळ्यांस धड दिसतहि नाहीं. त्या प्रजेची ओळख विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, असें आम्हीं ह्या लेखांत योजिलें आहे.

प्रथम त्या प्रदेशाची कल्पना करूं. समुद्राची सरासरी खोली सुमारें ३,७०० मीटर आहे. १,००० मीटरांखालीं सूर्यप्रकाश मुळींच पोंचत नाहीं. दर १० मीटरांस हवेच्या दाबाएवढा एकेक दाब वाढतो. म्हणजे ४,००० मीटरांवर तो पृष्ठभागावरील दाबाच्या सुमारें ४०० पट होतो. पाणी बर्फासारखें गार. प्रकाश नाहीं म्हणून वनस्पति नाहींत. वरच्या पाण्यांत मेलेल्या जीवांचे कण व विष्ठा हळूहळू खालीं पडतात, तेवढेंच काय तें अन्न; आणि त्यांतीलहि फार थोडा अंश तळास पोंचतो.

अशा ठिकाणीं जीव कोठून असणार? ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ एडवर्ड फोर्ब्स ह्यांनीं एजियन समुद्रांत संशोधन करून १८४३ सालीं असेंच अनुमान काढलें होतें कीं, सुमारें ३०० वांवांखालीं जीवसृष्टि नसावी. पुढें १८७२ ते १८७६ पर्यंत 'चॅलेंजर' नांवाच्या जहाजानें पृथ्वीवरील महासागर धुंडाळून ५,००० मीटरांहून अधिक खोलीवरूनहि प्राणी वर काढले, आणि तें अनुमान कोसळलें. तथापि त्या काळच्या जाळ्यांचीं छिद्रें मोठीं असत. पीठ गव्हाच्या चाळणींत घातलें तर चाळणींत काय उरणार? बारीक जीव चिखलाबरोबर वाहून जात.

१९६० नंतर अमेरिकेंतील वुड्स होल येथील हॉवर्ड सँडर्स व रॉबर्ट हेस्लर ह्यांनीं बारीक जाळ्याचें साधन तळावरून ओढलें, तेव्हां एकेका ओढींत शेंकडों जाती हातीं आल्या. त्याहून मोठें आश्चर्य १९९२ सालीं प्रसिद्ध झालें. फ्रेडरिक ग्रासल व नॅन्सी मॅसिओलेक ह्यांनीं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापलीकडे चौकोनी पेटीनें तळाचा चिखल जसाच्या तसा कापून वर आणला. पेटी ३० सेंटिमीटर लांब व तितकीच रुंद. असे २३३ तुकडे तपासले. सर्व मिळून जागा सुमारें २१ चौरस मीटर, म्हणजे सामान्य वर्गखोलीहूनहि लहान. तेवढ्यांत ७९८ जातींचे प्राणी निघाले, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक शास्त्रास अपरिचित होते!

हे प्राणी कोणते? गांडुळाच्या गोत्रांतील, अंगावर ताठ केस असलेले कृमि. कोळंबीच्या दूरच्या नात्यांतील बारीक कवचधारी जीव. तांदुळाच्या कणीएवढे शिंपले. ह्यांहूनहि लहान ते सूत्रकृमि. दोऱ्याच्या तुकड्यासारखे, बहुधा एक मिलिमीटरहून आंखूड, आणि संख्येनें सर्वांत अधिक. लॉरिसिफेरा नांवाचा तर प्राण्यांचा एक संपूर्ण संघच १९८३ पर्यंत कोणास ठाऊक नव्हता. तो प्रथम फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ ओळखला गेला. पुढें ८,००० मीटरांहून अधिक खोलीवरहि सांपडला.

अन्नाचा इतका दुष्काळ असतां इतक्या जाती कशा नांदतात? ह्याचीं कित्येक उत्तरें दिलीं जातात. तेथील परिस्थिति दीर्घ काळ फारशी पालटत नाहीं, हें एक. दुसरें असें कीं, आपणांस सपाट वाटणारा चिखल त्या इवल्या जीवांस सपाट नसतो. कोठें एखाद्या कृमीचें बीळ, कोठें विष्ठेची रास, कोठें नुकताच पडलेला अन्नकण. प्रत्येक ठिकाण म्हणजे एक निराळें गांवच होय. तिसरें, मोठे प्राणी चिखल उकरीत व खात हिंडतात, म्हणून कोणतीहि एक जात माजून इतरांस हुसकूं शकत नाहीं.

शेतांत जें काम गांडूळ करितो, तेंच हे जीव समुद्रतळीं करितात. ते चिखल खालवर करितात, कुजकें अन्न पचवितात आणि स्वतः मोठ्यांचें अन्न होतात.

आतां ह्या प्रजेवर एक संकट येऊं पाहत आहे. खोल तळावर मँगॅनीज, निकेल, तांबें व कोबाल्ट असलेले बटाट्याएवढे गोटे पसरलेले असतात. असा गोटा दहा लक्ष वर्षांत अवघे कांहीं मिलिमीटर वाढतो. आपल्या देशाचाहि ह्यांत संबंध आहे. १९८१ सालीं 'गवेषणी' जहाजानें अरबी समुद्रांतून पहिले गोटे वर काढले. आणि २००२ सालीं मध्य हिंदी महासागरांत त्यांचा शोध घेण्याचा करार भारतानें केला. गोव्यांतील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं १९९७ सालीं तेथील तळ मुद्दाम ढवळून सूक्ष्म प्राण्यांवर काय परिणाम होतो हें तपासण्यास आरंभ केला. पेरू देशाजवळील समुद्रांत १९८९ सालीं असाच तळ नांगरला होता. २६ वर्षांनीं पाहिलें, तों नांगराचे चर तसेच दिसत होते.

धातूंची गरज खोटी नाहीं. विजेच्या गाड्यांपासून तारांपर्यंत त्या लागतात. परंतु गोट्यांबरोबर जे जीव उपटले जातील त्यांतील बहुतेकांस अद्याप नांवहि मिळालेलें नाहीं. तेव्हां आधीं मोजणी, मग खणणी, हा क्रम शहाणपणाचा ठरेल. ती मोजणी करण्यास सूक्ष्मदर्शकापुढें तासन्‌तास बसणारीं धीराचीं माणसें हवीं आहेत. आमच्या वाचकांपैकीं एकदोघांनीं तरी हें काम पत्करावें, अशी आमची इच्छा आहे.