चलचित्र-संपादनातील प्रतिमांचे आकारांतर आणि रंग-व्यवस्थापनाची निवड

प्रस्तावना :
महाविद्यालयीन विभागांतून आता माहितीपट तयार होऊ लागले आहेत. त्यांत जुनी कागदपत्रे, नकाशे व छायाचित्रे यांच्या स्कॅन प्रती वापराव्या लागतात. ५,००० पिक्सेल रुंदीची प्रत १,९२० पिक्सेलच्या चौकटीत बसविताना आपण लांबी-रुंदी पाहतो. ती लहान करण्याचे गणित कोणत्या मूल्यांवर होते, याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. प्रस्तुत लेखकाच्या हातून एका मोडी पत्राच्या चित्रीकरणात हीच चूक झाली. स्कॅनमध्ये स्पष्ट असलेल्या बारीक रेघा पडद्यावर पुसट झाल्या, आणि दोष विनाकारण स्कॅनरला दिला गेला.

सरासरी कशाची?
प्रतिमा लहान करणे म्हणजे स्थूलमानाने शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढणे होय. परंतु फाइलमधील ० ते २५५ हे आकडे प्रकाशाच्या समप्रमाणात नसतात. एसआरजीबी या १९९९ मध्ये प्रमाणित झालेल्या पद्धतीत १२८ हे मूल्य पांढऱ्याच्या निम्मे नव्हे, तर सुमारे २२ टक्केच प्रकाश दर्शविते. निम्म्या प्रकाशाचे मूल्य १८८ आहे. या संकेतनालाच गॅमा म्हणतात.

आता काळ्या आकाशातील एक दिवा घेऊ. चार पिक्सेलांपैकी एक पांढरा व तीन काळे असल्यास गॅमा मूल्यांची सरासरी ६४ येते. प्रकाशाची सरासरी काढून (म्हणजे 'लिनिअर' पद्धतीने) ती पुन्हा संकेतित केली, तर १३७ येते. भौतिक दृष्ट्या दुसरे उत्तर खरे. रात्रीची दृश्ये, तारे, पाण्यावरील चमक यांसाठी म्हणूनच लिनिअर पद्धत योग्य ठरते.

मोडी पत्रात स्थिती उलट होते. तीन पिक्सेल कागदाचे व एक शाईचा असल्यास गॅमा पद्धतीत १९१, तर लिनिअर पद्धतीत २२५ मिळतात. दुसरी रेघ प्रकाशाशी प्रामाणिक असूनही कागदात जवळजवळ विरून जाते. वाचनीयता हाच हेतू असेल तर येथे गॅमाची 'चूक' उपकारक ठरते, असे लेखकाचे मत आहे. अर्थात, शाईचा फिकेपणा हाच अभ्यासविषय असणाऱ्याने ती सवलत घेऊ नये.

मोठे करताना :
लँक्झोससारख्या तीक्ष्ण गाळण्यांत काही गुणांक ऋण असतात. त्यामुळे प्रखर कडेभोवती कडी उमटतात. लिनिअर प्रकाशात प्रखर भागाचे मूल्य फार मोठे असल्याने काळ्या बाजूची कडी अधिक ठळक दिसतात. त्यामुळे प्रतिमा मोठी करताना गॅमा, आणि कॅमेऱ्याचे मूळ चित्रण लॉग स्वरूपात असल्यास लॉग, हा पर्याय बहुधा सुरक्षित होय.

सॉफ्टवेअरमधील पर्याय :
दा विंची रिझॉल्व्हच्या रंग-व्यवस्थापनात आकारांतर टाइमलाइन, लिनिअर, लॉग की गॅमा मूल्यांवर करावे, हे निवडता येते. आफ्टर इफेक्ट्समध्ये 'लिनिअराइज वर्किंग स्पेस' निवडल्यास सर्वच गणित लिनिअर होते, '१.० गॅमा'ने रंग मिसळण्याचा पर्याय मात्र थरांच्या मिश्रणापुरताच आहे. या दोहोंत गल्लत होते. लिनिअर काम ८ बिटमध्ये कदापि करू नये : त्यात एसआरजीबीच्या पहिल्या सुमारे १३ पायऱ्या दोनच पायऱ्यांत कोंबल्या जातात व छायेत पट्टे दिसू लागतात. १६, शक्यतो ३२ बिट घ्यावेत.

या सर्वांआधी प्रतिमेचा मूळ रंगावकाश अचूक नोंदविणे आवश्यक आहे. अडोबी आरजीबीतील स्कॅन एसआरजीबी समजून उघडल्यास रंग फिके पडतात, आणि पुढील कोणतीही निवड ती हानी भरून काढीत नाही. त्यानंतर पत्रातील सर्वांत बारीक रेघ असलेला तुकडा दोन्ही पद्धतींनी लहान करून, १०० टक्के आकारात शेजारी-शेजारी ठेवून पाहावा. लेखकाने हे पुढच्या पत्रापासून केले. आधीच्या पत्राचे दृश्य मात्र पुन्हा तयार करावे लागले.