वारणाकाठचे गाव : पाणी, ऊस आणि मुंबईची वाट
(शिराळा तालुक्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

ग्रामीण भागाचा विचार करताना नदीकाठचे गाव सुखी आणि माळावरचे गाव दरिद्री, अशी ढोबळ विभागणी सर्रास केली जाते. सांगली जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या शिराळा तालुक्यातील वारणाकाठ ही विभागणी पूर्णपणे खोटी ठरवतो असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ती किती अपुरी आहे, हे मात्र तो स्पष्टपणे दाखवतो. येथे नदी बारमाही वाहते, तिच्या उगमाकडे मोठे धरण आहे, शिवारात ऊस उभा आहे आणि तरीही गेली किमान तीन पिढ्या गावातील कर्ता पुरुष मुंबईत आहे. पाणी आले की स्थलांतर थांबते, हे नियोजनातील एक आवडते गृहीतक आहे. वारणाकाठी ते फारसे खरे ठरलेले नाही. असे का झाले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पोटासाठी गाव सोडण्याची रीत जगात इतरत्रही आढळते. इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरील मिनांगकाबाऊ समाजात तरुणाने कमाईसाठी बाहेर पडण्याची प्रथा इतकी मुरलेली आहे की तिला 'मरांताऊ' असे स्वतंत्र नाव आहे. वारणाकाठी अशा नावाची गरज पडली नाही. 'मुंबईला असतो' एवढे दोन शब्द पुरतात.

नदी आणि तिचे खोरे

वारणा नदी सह्याद्रीच्या माथ्यावरील पाथरपुंजच्या परिसरातून निघते आणि सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेला मिळते. बराचसा प्रवास ती सांगली व कोल्हापूर या दोन जिल्ह्यांची सीमा म्हणून करते. उत्तर काठावर शिराळ्याची मणदूर, आरळा, चरण, कोकरूड, बिळाशी, सागाव, मांगले ही गावे, तर पैलतीरावर शाहूवाडी आणि पन्हाळा तालुक्यांतील गावे आहेत. सीमा कागदावर असली तरी सोयरीक, बाजार आणि जत्रा यांनी दोन्ही काठ एकमेकांशी बांधलेले आहेत. प्रशासकीयदृष्ट्या हा प्रदेश जुन्या सातारा जिल्ह्याचा भाग होता. 1949 मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला व 1960 मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे आजही या भागाचा ओढा सांगलीपेक्षा कऱ्हाड आणि कोल्हापूरकडे अधिक दिसतो.

या खोऱ्यात पाऊस फार विषम पडतो. पाथरपुंज येथे अनेक वर्षी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद होते. तेथून पूर्वेस पेठच्या बाजूला येईपर्यंत तो झपाट्याने उतरतो. साहजिकच पश्चिमेकडे नाचणी, वरी व भात, मध्यभागी भात व भुईमूग, आणि पूर्वेकडे ज्वारी अशी जुनी पीकरचना होती. यांत शिराळ्याची खरी ओळख भाताची. येथील शेतकरी रोपे तयार करून लावण करण्याऐवजी मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस येण्यापूर्वीच, कोरड्या मातीत कुरीने भात पेरतो. या पद्धतीस 'धूळवाफ' पेरणी म्हणतात. तिच्यात मजूर कमी लागतात, परंतु वळीव लवकर आला किंवा मोसमी पाऊस लांबला तर बियाणे वाया जाण्याचा धोका असतो. हा धोका शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पत्करत आला आहे. लावणीच्या ऐन हंगामात गावात पुरेसे हात नसतात, हे त्यामागील एक कारण मानता येईल.

धरण आणि त्यानंतरचा बदल

चांदोली येथील वारणा धरणाची साठवण क्षमता 34.40 अब्ज घनफूट असून त्याच्या जलाशयास 'वसंत सागर' असे नाव आहे. धरणापूर्वी वारणा ही पावसाळ्यात बेफाम आणि उन्हाळ्यात डोहांपुरती उरणारी नदी होती. धरणातील पाणी टप्प्याटप्प्याने सोडले जाऊ लागले, नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले आणि काठावर विद्युत पंप बसले. नदी बारमाही झाली म्हणजे नेमके काय झाले, तर नदीलगतच्या काळ्या जमिनीत भाताच्या व शाळूच्या जागी ऊस आला. चिखली येथील विश्वास सहकारी साखर कारखाना आणि नदीच्या खालच्या अंगाला तात्यासाहेब कोरे यांनी उभी केलेली वारणा सहकारी साखर कारखान्याची वसाहत यांमुळे त्या उसाला हक्काचे गिऱ्हाईक मिळाले. त्याच्या जोडीने दूध संकलन वाढले. मांगले, सागाव यांसारख्या गावांतील पक्की घरे, ट्रॅक्टर आणि पतसंस्था या बदलाची साक्ष देतात.

परंतु पाणी सर्वांपर्यंत सारखे गेले नाही. नदीला लागून असलेला पट्टा अरुंद आहे. त्याच्या मागे लगेच डोंगरउतार सुरू होतो आणि तेथील वाड्या धरणाच्या इतक्या जवळ असूनही उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहत आल्या आहेत. या उत्तर भागासाठी वाकुर्डे उपसा सिंचन योजना आखली गेली. वारणेचे पाणी उचलून करमजाई तलावात व तेथून पुढे वाळवा व कऱ्हाड तालुक्यांपर्यंत नेण्याची ही योजना निधीअभावी दीर्घकाळ रेंगाळली. उपसा योजनेत केवळ कालवा काढून भागत नाही. विजेचे देयक दरवर्षी कोणीतरी भरावे लागते. ज्याच्याकडे अर्धा एकर खडकाळ जमीन आहे त्याला ते परवडत नाही, आणि परवडण्यासाठी ऊस लावावा तर योजनेचे पाणी अपुरे पडते.

धरणाची किंमत ज्यांनी मोजली ती गावे तर आज नकाशावरच नाहीत. जलाशयात जमिनी गेल्या, त्यापाठोपाठ 1985 मध्ये चांदोली अभयारण्य घोषित झाले आणि उरलेल्या डोंगरी गावांनाही उठावे लागले. सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील लाभक्षेत्रात त्यांच्या वसाहती झाल्या. मात्र पर्यायी जमीन, नागरी सुविधा आणि निर्वाह भत्ता यांसाठी त्यांना श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. ज्या खोऱ्याने 1930 च्या बिळाशीच्या जंगल सत्याग्रहात जंगलावरील हक्कासाठी गोळ्या झेलल्या, त्याच खोऱ्यातील माणसांना स्वतंत्र भारतात जंगल सोडावे लागले, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

मुंबईची वाट

वारणा खोऱ्यातून मुंबईकडे जाणारी वाट धरणाहून कितीतरी जुनी आहे. वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे 1920 मध्ये जन्मलेले अण्णाभाऊ साठे बालवयात कुटुंबासह पायी मुंबईस गेले. पुढे त्यांनी 'वारणेच्या खोऱ्यात' आणि 'वारणेचा वाघ' या कादंबऱ्यांच्या नावांतच आपले खोरे जपले. गिरण्यांत 'बदली' म्हणून लागलेला शिराळ्याचा माणूस गावकीच्या खोलीत राही, खाणावळीत जेवे आणि मनीऑर्डर गावाला पाठवी. गिरणीत जागा नसेल त्याला गोदी आणि बाजारपेठेतील हमाली होती. 1969 च्या माथाडी कायद्याने या हमालीस वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि प्रतिष्ठा यांचा आधार दिला. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला आणि हजारो कुटुंबांची मनीऑर्डर थांबली. पुष्कळजण गावी परतले, पण त्यांतील किती टिकले हा वेगळा प्रश्न. पुढे घाऊक बाजार नवी मुंबईत गेले तशी शिराळा, पाटण, जावळी या भागांतील माणसेही वाशी, कोपरखैरणे, घणसोलीकडे सरकली.

येथे एक विसंगती नमूद केली पाहिजे. वारणाकाठचा ऊस तोडण्यासाठी दरवर्षी बीडसारख्या दूरच्या जिल्ह्यांतून मजुरांच्या टोळ्या येतात, कोपी बांधून राहतात आणि हंगाम संपताच परततात. त्याच वेळी त्याच गावातील तरुण मुंबईत पोती उचलत असतो किंवा एखाद्या कंपनीत सुरक्षारक्षक असतो. म्हणजे गावात काम नाही असे नव्हे. ऊसतोडणीचे काम वर्षातील पाच-सहा महिन्यांचे, उचलीच्या कर्जाने बांधलेले आणि जोडप्याने करण्याचे आहे. मुंबईतील काम कष्टाचे असले तरी बारमाही आहे आणि त्याला पगाराचा ठरावीक दिवस आहे. शिवाय स्वतःच्या भावकीच्या शिवारात मजुरी करणे कमीपणाचे मानले जाते. उसाने गावात पैसा आणला, पण गावातील मुलाला पटेल असा रोजगार आणला नाही. साखर कारखान्यातील कायम नोकऱ्या मोजक्याच असतात.

या सर्वांचा भार स्त्रियांवर पडला. पेरणी, भांगलण, जनावरे, दूध डेअरीची पाळी, सोसायटीचे कर्ज आणि सासू-सासऱ्यांचे औषधपाणी हे सारे गावात राहिलेली स्त्री पाहते. ज्या प्रदेशाचा संसार स्त्रीच्या बळावर चालतो तेथे मुलीचे स्वागत व्हावे, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण 1991 मध्ये 924 होते, ते 2001 च्या जनगणनेत 851 पर्यंत घसरले आणि 2011 मध्ये जेमतेम 867 झाले. त्या घसरणीची फळे आज विवाहाच्या वयात आलेल्या तरुणांना भोगावी लागत आहेत. शेती करणाऱ्या मुलाला स्थळ मिळत नाही, म्हणून केवळ लग्नासाठी काही वर्षे पुण्या-मुंबईत नोकरी धरणारे तरुण या भागात अपवादात्मक राहिलेले नाहीत.

महापूर, वन्यप्राणी आणि नवे प्रयोग

2005, 2019 आणि 2021 या वर्षांच्या महापुरांनी नदीकाठच्या उसाविषयीचा विश्वासही डळमळीत केला. अतिवृष्टीत चांदोलीतून विसर्ग वाढतो, धरणाखालील ओढे व मोरणा नदी आपले पाणी त्यात ओततात आणि हरिपूरला कृष्णा आधीच दुथडी भरलेली असल्यास वारणेला पाणी टाकायला जागा उरत नाही. पाणी मागे फुगते. कोकरूड-रेठरे आणि मांगले-सावर्डे हे बंधारे पाण्याखाली गेले की दोन काठांचा संपर्क तुटतो. ऊस काही दिवस पाण्यात तग धरतो. शेंड्यापर्यंत बुडून राहिला की सुरळीत गाळ बसून कुजतो आणि वर्षभराचे पीक एका आठवड्यात जाते.

पश्चिमेकडील गावांचा प्रश्न निराळा. चांदोली 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले आणि 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत समाविष्ट झाले. मणदूर-आरळा परिसरातील शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र त्याचा पहिला अर्थ रात्रीची राखण हा आहे. गव्यांचे कळप भातात उतरतात आणि खालच्या पट्ट्यात उसाच्या आडोशाने बिबट्याने कायमचे घर केले आहे. पर्यटनातून रोजगार मिळेल असे म्हटले जाते व ते अशक्य नाही; परंतु पावसाळ्यात बंद राहणाऱ्या उद्यानावर किती घरे चालतील, याचा हिशोब आधी मांडला पाहिजे.

नव्या प्रयोगांची या खोऱ्याला वाण नाही. 1998 मध्ये वारणानगरच्या सहकारी संस्थांच्या साहाय्याने कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला आणि त्याची देशभर चर्चा झाली. शेतीचे सल्ले, बाजारभाव, दाखले असे पुष्कळ काही त्यातून अपेक्षित होते. शेतकऱ्याने त्याचा उपयोग प्रामुख्याने उसाची नोंद, वजन आणि देयक पाहण्यासाठी केला. पुढे हीच माहिती भ्रमणध्वनीच्या लघुसंदेशाने देण्याचा प्रयोग झाला व तो स्वस्त ठरला. शेतकऱ्याने ज्याची गरज होती तेवढेच उचलले.

सातबाऱ्यावरील नावे

वारणाकाठच्या भवितव्याची चर्चा बहुधा पाणी, दर आणि रस्ते यांपाशी थांबते. तिच्यात एक साधी अडचण येतच नाही. तीन पिढ्यांच्या स्थलांतरामुळे जमिनीची वहिवाट आणि मालकी यांची फारकत झाली आहे. एका गटाच्या सातबाऱ्यावर दहा-बारा नावे असतात. त्यांतील बहुतेक मुंबईत. प्रत्यक्ष कसणारा एखादा धाकटा भाऊ, एखादी विधवा भावजय किंवा वाटेकरी असतो. पाइपलाइन टाकायची, ठिबक संच घ्यायचा, विहीर खोदायची, तर सर्वांची संमती हवी. महापुरात पीक गेले तरी सामाईक खात्यावरील भरपाईसाठी संमतिपत्रे गोळा करण्यात महिने जातात. मुंबईकर भाऊ जमीन कसत नाही आणि विकतही नाही. यात केवळ लोभ पाहणे अन्यायाचे होईल. गिरणी बंद पडली तेव्हा याच तुकड्याने आसरा दिला होता आणि 2020 च्या टाळेबंदीतही माणसे याच तुकड्याकडे परतली होती. शहरातील अस्थिर जीवनात गावची जमीन हाच त्याचा विमा आहे.

त्यामुळे जो शेतीत आहे त्याला शेतीचा निर्णय घेता येत नाही. स्त्रियांच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच तीव्र होते. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेनंतर पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची तरतूद शासनाने 1992 मध्ये केली, आणि 2005 च्या दुरुस्तीने हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला. तथापि लग्नानंतर बहिणीकडून हक्कसोड पत्र घेण्याची रीत कायम आहे. ज्या स्त्रीने वीस वर्षे धूळवाफ पेरली तिला सोसायटीत स्वतःच्या नावे पीककर्ज मागता येत नाही. त्यासाठी तिला दिराच्या सहीची आणि पतीच्या रजेची वाट पाहावी लागते.

सामाईक खाते फोडताना मोजणीचा खर्च येतो, भावकीतील जुने वाद उकरले जातात आणि तुकडेबंदी कायद्याची अडचण उभी राहते. याहून सोपा मार्ग भाडेपट्ट्याचा आहे. अनुपस्थित हिस्सेदाराची मालकी अबाधित ठेवून कसणाऱ्याला ठरावीक वर्षांचा लेखी करार आणि त्या करारावर कर्ज व भरपाई मिळाली, तर दोघांचेही हित साधते. आज असे करार तोंडी होतात, कारण कूळकायद्याची भीती अजून मनातून गेलेली नाही. ही भीती कायद्याने दूर केली नाही तर मे महिन्यात मुंबईकर जत्रेसाठी येतील, पेरणीच्या बियाण्याचे पैसे देतील आणि पहिल्या पावसाआधी परत जातील. कुरीमागे चालणारी माणसे मात्र दरवर्षी थोडी अधिक वयस्क असतील.