भंगारात देताय? थांबा!

जुने स्पीकर खरखरले की आपल्याला पहिला आठवतो भंगारवाला. खरं तर बऱ्याचदा बिघाड असतो तो कडेच्या फोमच्या रिंगमध्ये. १५-२० वर्षांत फोमचा भुगा होतो. कागदी कोन मात्र ठणठणीत!

लासलगावला आमच्या घरी हेच झालं. कांद्याला चांगला भाव मिळाला त्या वर्षी बाबांनी हौसेने घेतलेली जोडी बिघडली आणि त्यांची संध्याकाळची गाणीच थांबली. मग एका वीकएंडला मी पेटी उघडली. वूफरची वायर सोडवून मल्टीमीटर लावला. ८ ओहमच्या वूफरवर ६ च्या आसपास आकडा आला, म्हणजे कॉइल शाबूत! मापाची नवी रिंग चिकटवली, कोन बरोबर मधोमध ठेवून दिवसभर सुकू दिला. क्रॉसओव्हरमधले म्हातारे कपॅसिटर बदलले, तेवढ्याच मायक्रोफॅरडचे. मग १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला: प्लसला प्लस लावल्यावर दोन्ही कोन बाहेर यायला हवेत, आले!

अपडेट म्हणाल तर फक्त ब्लूटूथवाला अ‍ॅम्प्लिफायर. बाबा आता मोबाइलवरून गाणी लावतात. तुम्हीही करून बघा, पण लाकडी पेटी बदलू नका. तो ओळखीचा आवाज तिचाही असतो.